मिसळीचा खांब

सकाळी साडेसहा

जूनमधला शनिवार. मेलबर्नला या दिवसांत सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे घरात अजून काळोख आहे. तरीही बैठकीच्या खोलीतून खर्र-खर्र सुरू झालं, म्हणजे मिसळ उठली. ही आमची मांजर. काळा, तांबडा, मधूनच मळकट पिवळा असे रंग अंगावर कसेही उधळलेले, म्हणून कोल्हापूरहून आलेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तिचं नाव मिसळ ठेवलं. असल्या रंगाचं मांजर जवळपास नेहमी मादीच असतं. बोका निघाला तर पशुवैद्य शेजारच्या खोलीतल्यांना हाक मारून दाखवतील, इतकं ते दुर्मीळ.

उठल्याबरोबर ती सोफ्याच्या कोपऱ्याशी जाते, पुढचे पाय जमतील तितके वर रोवते, पाठ ताणते आणि नखं खाली ओढत आणते. यात आमच्यावरचा किंवा सोफ्यावरचा राग वगैरे काही नाही. झोपेतून उठल्यावर तिला अंग मोकळं करायचं असतं आणि त्यासाठी नखं रुतवून लोंबकळता येईल असं पक्कं काहीतरी लागतं. नखांवरचं जुनं आवरणही असंच निघून येतं. सोफ्याखाली झाडताना पातळ, वाकडी टरफलं सापडतात ती हीच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं नख तुटलं, पण आत नवं टोकदार नख तयारच असतं. शिवाय पंजात वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणजे ओरखड्याच्या जोडीनं ‘इथं मी राहते’ हेही लिहून होतं. म्हणून तर मांजर अडगळीच्या खोलीत जाऊन ओरबाडत नाही. जिथं माणसांची वर्दळ, नेमकं तिथंच तिला लिहायचं असतं.

नखं मुळापासून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ऑस्ट्रेलियात वैद्यकीय कारणाशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यात नुसतं नख जात नाही, बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. सोफ्याच्या कापडासाठी कुणाचं पेर छाटायचं हे मला कधी कळलेलं नाही.

सात

चहा. अण्णा माकडटोपी घालून स्वयंपाकघरात. त्यांच्या दृष्टीनं हा सगळा प्रश्नच उपरा आहे. गावाकडं मांजराला खांब कुणी करून देत नाही. तिथं आंबा असतो, बाभळ असते, गोठ्याची मेढ असते. मांजर रात्री कुठं गेलं, कुणाच्या घरी दूध प्यालं, हेही कुणी विचारत नाही.

इथं विचारतात. आम्ही राहतो ते नॉक्स हे मेलबर्नच्या पूर्व टोकाला, डँडेनाँगच्या डोंगरपायथ्याशी. ऑक्टोबर 2021 पासून इथल्या नगरपालिकेचा नियम आहे की मांजर चोवीस तास मालकाच्या आवारातच राहिलं पाहिजे. कॅनबेरात 1 जुलै 2022 पासून जन्मलेल्या मांजरांना असाच नियम लागू आहे. यामागं लहर नाही. मांजर हा या खंडात गोऱ्या लोकांबरोबर आलेला प्राणी. इथले लहान प्राणी आणि पक्षी त्याच्यापासून वाचायला कधी शिकलेच नाहीत. 2020 साली इथल्या संशोधकांनी मांडलेला हिशेब असा की बाहेर हिंडून शिकार करणारं एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी 186 प्राणी मारतं आणि त्यातले निम्म्याहून जास्त अस्सल इथले असतात. आमच्या खिडकीसमोरच्या बॉटलब्रशवर रंगीत लोरिकीट पोपटांचा कलकलाट चालू झाला की मिसळ काचेशी बसून दात कटकटवते. तिचं मन काय म्हणतं ते उघड आहे.

तर झाड बंद, कुंपण बंद. मग घरात झाड आणायला हवं.

त्यात घर भाड्याचं. व्हिक्टोरियात मार्च 2020 पासून भाडेकरूला पाळीव प्राणी ठेवायचा असेल तर तो मालकाकडे लेखी अर्ज करतो. मालकाला नकार द्यायचा असेल तर 14 दिवसांत न्यायाधिकरणात जाऊन कारण पटवावं लागतं, नाहीतर परवानगी मिळाली असं धरलं जातं. हे चांगलंच. पण नुकसानभरपाई आपल्याच अंगावर राहते. सोफा आमचा, त्याचं एक वेळ सोडा. मिसळीनं अलीकडे दिवाणखान्याच्या दाराच्या चौकटीवरही हात चालवायला सुरुवात केलीय आणि ती चौकट मालकाची आहे.

अण्णा कप ठेवून टेप घेऊन उठले. चौकटीवरचा सगळ्यात वरचा ओरखडा शोधला, जमिनीपासून टेप धरली.

“बत्तीस इंच, दोन सूत.”

म्हणजे साधारण 82 सेंटिमीटर. अण्णांनी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात घालवली. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटामागं एक सूत मोठा करायचा हे त्यांच्या बोटांत बसलेलं. तेव्हा 82 हा आकडा त्यांना कमीतकमी वाटतो, पुरेसा नाही. “हे तिनं चौकटीवर केलंय. चौकट गुळगुळीत हाय, पंजा घसरतोय. दोर आसंल तर आनी वर जाईल.” दोर 90 सेंटिमीटरपर्यंत आणि खांब एक मीटरचा, असं ठरलं.

दुकानातले तयार खांब या मापाला का उतरत नाहीत याचं कारण सोपं आहे. ते विकत घेणारा माणूस असतो. त्याला छोटं, गोंडस, मोटारीच्या डिकीत मावणारं, फरच्या कापडाचं काहीतरी हवं असतं. आत पुठ्ठ्याची नळी, खाली पातळ पाट, उंची गुडघ्याएवढी. मांजरानं त्यावर पुढचे पाय ठेवले की एक तर तिला वाकून ओरबाडावं लागतं, नाहीतर खांबच तिच्या अंगावर येतो.

साडेसात

बनिंग्ज. ऑस्ट्रेलियात घरात काहीही ठोकायचं झालं की माणूस इथंच येतो. पर्थमध्ये 1886 साली दोन इंग्रज भावांनी सुरू केलेला लाकडाचा धंदा. आजच्यासारखं विमानाच्या हँगरएवढं पहिलं दुकान 1994 साली मेलबर्नच्याच सनशाइन भागात उघडलं. अण्णांना हे ठिकाण देवळाहून प्रिय आहे. दर वेळी आत शिरताना क्षणभर थांबतात आणि वर बघतात.

लाकडाच्या विभागात पहिला प्रश्न रंगाचा.

“हे निळं कशानं झालंय? शाई सांडलीय व्हय?”

घराच्या सांगाड्यासाठी विकलं जाणारं पाइन इथं बरेचदा निळसर असतं. वाळवी लागू नये म्हणून त्यावर औषध मारलेलं असतं, आणि ते औषध म्हणजे परमेथ्रिन किंवा त्याच जातीचं बायफेन्थ्रिन. माणसाला आणि कुत्र्याला जी मात्रा सोसते ती मांजराला सोसत नाही, कारण त्याच्या यकृताला हे द्रव्य नीट मोडता येत नाही. कुत्र्याचं पिसवांचं औषध चुकून मांजराला लावल्यानं मांजरं दगावतात ती याच परमेथ्रिननं. भिंतीच्या आत बंद राहणाऱ्या लाकडाचं ठीक आहे. पण जे लाकूड मांजर रोज ओरबाडणार आणि मग तेच पंजे चाटणार, त्यासाठी निळ्याला हात लावायचा नाही. पलीकडे हिरवट झाक असलेले कुंपणाचे खांब होते, तयार चौकोनी, आमच्या मापाचे. त्यातल्या बऱ्याचशात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. मुलांच्या खेळण्यांसाठी आणि सहलीच्या टेबलांसाठी असलं लाकूड वापरायला इथं 2006 पासून मनाई आहे. तेही नको.

राहिलं साधं, काही न मारलेलं पाइन, 90 बाय 45 मिलिमीटरचं. दोन तुकडे पोटाला पोट लावून चिकटवले की 90 चा चौरस खांब होतो. अण्णांनी फळ्या एकेक करून उचलल्या, एक टोक डोळ्याशी धरून दुसरा डोळा मिटला आणि वाक बघितला. पाच परत ठेवल्या. दुकानातला तरुण पोरगा लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, तुम्ही सुतार का? मी म्हटलं, हो. अण्णांनी मान हलवली: “सुतार न्हवं, पॅटर्नवाला.” हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

दोर निवडताना नाक वापरायचं. सिसलचे काही दोर मऊ राहावेत म्हणून तेल लावून येतात आणि त्यांना रॉकेलसारखा वास येतो. वास न येणारा, पांढुरका, हाताला खरखरीत दोर घेतला, 10 मिलिमीटर जाडीचा. हिशेब असा: 90 चा चौरस, म्हणजे घेर 36 सेंटिमीटर. दोराची जाडी धरून एका वेढ्याला साधारण 40 सेंटिमीटर. 90 सेंटिमीटर उंचीला 90 वेढे, म्हणजे 36 मीटर. लोक दोर नेहमी निम्मा घेतात, कारण डोळ्यांना गुंडाळलेला दोर दिसत नाही, खांब दिसतो. 30 मीटरची दोन रिळं घेतली.

आणि शेवटी बागेच्या विभागातून एक सिमेंटची फरशी, 40 बाय 40 सेंटिमीटर, चार सेंटिमीटर जाड. वजन 15 किलोच्या आसपास. अण्णांनी ती ट्रॉलीत ठेवताना जोरात ‘पांडुरंग’ म्हटलं.

साडेआठ

घरी आलो तरी यंत्र लावता येत नाही. व्हिक्टोरियाच्या पर्यावरण खात्याच्या नियमानुसार शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 9 च्या आधी आणि रात्री 8 नंतर विजेवर चालणारं हत्यार शेजाऱ्याच्या खोलीत ऐकू जाता कामा नये. हातकरवतीला ही आडकाठी नाही. त्यामुळे हाताची कामं आधी.

अण्णांनी स्वतःचा रंधा आणि दोन पटाश्या कोल्हापूरहून बॅगेत घालून आणल्यात. मेलबर्नच्या टलामरीन विमानतळावर लाकडी वस्तू जाहीर करावी लागते, तशी केली. अधिकाऱ्यानं रंधा उलटसुलट करून किडीची भोकं आहेत का बघितलं आणि परत दिला. अण्णा सांगतात की त्यानं बुडाचा सागवान ओळखला. मी तिथं होते, तो काही बोलला नव्हता.

दोन्ही फळ्या 1035 मिलिमीटरवर कापल्या. जादा 35 कशासाठी ते पुढं येईल. एका पोटावर डिंक पसरला, दुसरी फळी ठेवून थोडी मागंपुढं घासली म्हणजे हवा निघते आणि डिंक सगळीकडे लागतो. मग पाच शिकंजे आवळले. सांध्यातून डिंकाचे बारीक मणी एका रांगेत बाहेर आले. अण्णांनी बोट फिरवून पाहिलं. मणी एकसारखे आले म्हणजे दाब एकसारखा बसला. जिथं मणी नाहीत तिथं सांधा उपाशी. एका ठिकाणी नव्हते, तिथं सहावा शिकंजा लावला.

नऊ ते साडेअकरा

आता ड्रिल. बैठकीसाठी 17 मिलिमीटरच्या प्लायवुडचे 45 बाय 45 चे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले होते. त्याच्या मध्यात खांब बसवायचा.

सगळे जण खालून प्लायमधून चार लांब स्क्रू खांबाच्या बुडात मारतात आणि मोकळे होतात. मीही तेच म्हणत होते. अण्णांनी उरलेला एक तुकडा घेतला, त्याच्या टोकाच्या बाजूला स्क्रू मारला आणि पक्कडीनं ओढला. दोन झटक्यांत भुश्यासकट बाहेर.

“लाकडाच्या डोसक्यात स्क्रू धरत न्हाई. आज धरंल, म्हैन्यात सैल.”

लाकडाचे तंतू लांबीला धावतात. आडव्या तंतूंत स्क्रूचे आटे तंतूंच्या मधे शिरतात आणि अडकतात. टोकाच्या बाजूनं ते तंतू कापत जातात, मग पकडायला तुटके तुकडेच उरतात. आणि या खांबावर तर रोज तीच ओढाताण होणार. म्हणून कुसू. खांबाच्या बुडाला चारी बाजूंनी खाच घेऊन मधोमध 50 मिलिमीटरचा चौरस, 35 लांब, ठेवायचा. प्लायमध्ये तेवढंच चौकोनी भोक. ड्रिलनं चार कोपऱ्यांना भोकं पाडून, करवतीनं मधलं काढून, कडा पटाशीनं सरळ केल्या. कुसू आरपार गेलं आणि खालून मिलिमीटरभर बाहेर राहिलं. मग त्यात खालून करवतीनं चीर घ्यायची आणि पाचर ठोकायची, म्हणजे कुसू फुगतं आणि परत निघत नाही.

इथं अण्णा थांबले. चीर कुठल्या दिशेनं घ्यायची? खांब दोन फळ्यांचा आहे, मधून डिंकाची रेघ जाते. चीर त्या रेघेवर घेतली तर पाचर ठोकताना सांधाच उकलायचा. म्हणून चीर रेघेला काटकोनात. पाचर नीलगिरीच्या तुकड्याची, हे इथलं कठीण लाकूड. ठोकताना आवाज बदलत जातो. आधी बद्द, मग चढा, आणि मग एकदम खणखणीत. खणखणीत झाला की थांबायचं. त्यापुढचा एक घाव म्हणजे प्लाय फाटलंच.

खांब उभा राहिला. अण्णांनी गुण्या लावला, दोन बाजूंनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. म्हणजे जमलं.

मग रंध्यानं चारी कडा गोल केल्या. हे दिसण्यासाठी नाही. धारदार कडेवर दोर घट्ट बसतो पण मधल्या सपाटीवर सैल राहतो आणि मांजराचं नख त्या सैल फटीत अडकतं.

बारा

आज शनिवार, अण्णांचा मारुतीचा उपास नसला तरी वशट बंद. त्यांचे जावईबापू, म्हणजे माझा नवरा, मुलाला पोहायच्या शिकवणीवरून आणताना बनिंग्जच्या दारातलं सॉसेज घेऊन आले. दर शनिवार-रविवारी तिथं कुठली तरी शाळा, क्लब किंवा संस्था शेगडी लावून आपल्या कामासाठी पैसे जमवते. पावाची एक चकती, त्यावर सॉसेज, परतलेला कांदा. 2018 मध्ये दुकानानं फर्मान काढलं की कांदा सॉसेजच्या खाली ठेवा, वरून पडून कुणी घसरायला नको. त्यावर देशभर असा गदारोळ झाला की पंतप्रधानांनाही मत विचारलं गेलं. दर बरीच वर्षं अडीच डॉलर होता, 2022 मध्ये साडेतीन झाला, त्याचीही बातमी झाली. अण्णांसाठी फक्त कांदा-पाव आणला होता. त्यांनी कांद्यावर घरचा कांदा-लसूण मसाला भुरभुरला आणि म्हणाले, आता बरं लागतंय.

एक ते तीन

दोर गुंडाळणं हे या कामातलं खरं काम. बाकीचं कुणीही करेल.

खांब आडवा केला. एक टोक मी धरलं, अण्णा गुंडाळणार, नऊ वर्षांचा नातू रीळ सोडणार. सुरुवातीला खांबात बुडाशी एक तिरकं भोक पाडून दोराचं टोक आत कोंबलं आणि डिंक भरला. दोराखाली कुठंही खिळा किंवा स्टेपलची पिन नको. दोर झिजल्यावर ती उघडी पडते आणि पंजा तिथंच जातो.

अण्णांनी दोर हातात घेऊन बोटांत फिरवला, पीळ कुठल्या अंगाचा ते पाहिलं. घायपातच हे. त्यांच्या लहानपणी गडहिंग्लजकडच्या बांधांवर घायपात माजलेलं असायचं. पानं कापून, ओढ्यात कुजवून, धोपटून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. जूनच्या याच दिवसांत, ज्येष्ठी पौर्णिमेला, तिकडे बेंदूर येतो. बैलांना नवे कासरे, नव्या म्होरक्या. दोर नेहमी पिळाच्या अंगानं गुंडाळायचा, म्हणजे ओढ बसेल तसा पीळ घट्ट होतो. उलट्या अंगानं गेलं तर प्रत्येक वेढ्याला पीळ सुटत जातो आणि वर्षात दोराचा झिपरा होतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं मी वाचलेलं नाही. बैल बांधणाऱ्या माणसाला ते माहीत असतं.

आठ-दहा वेढे झाले की लाकडाचा ठोकळा दोराला टेकवून हातोडीनं बुडाकडे ठोकायचं. दोन वेढ्यांच्या मधली फट मिटते, आणि आणखी एक वेढा बसेल एवढी जागा निघते. म्हणजे 90 चा हिशेब थोडा वाढतोच. नातवानं विचारलं, आजोबा, इतकं घट्ट कशाला? अण्णा म्हणाले, “तू झाडावर चढताना फांदी हलली तर काय करतोस?” तो म्हणाला, उतरतो. “मग.”

चाळिसाव्या वेढ्याच्या आसपास माझ्या तळहाताची साल निघायला लागली. हातमोजे घातले. अण्णांना हातमोजे देऊन पाहिले, त्यांनी ते खिशात ठेवले. शेजारच्या गॅरेजमधून रेडिओवर फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅच ऐकू येत होती. सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, म्हणजे सगळं राज्य जोडून सुट्टीच्या मूडमध्ये. राजाचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण सुट्टीला ते कोण विचारतं.

वरचे दहा सेंटिमीटर उघडे ठेवले. दोर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा झाला की शिकंज्यात धरायला जागा हवी.

साडेतीन

परीक्षा. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात बॅग तोलायचा हाताचा काटा असतोच. त्याचा हुक खांबाच्या वरच्या भागात, बुडापासून साधारण 85 सेंटिमीटरवर अडकवला आणि आडवं ओढत गेलो. नुसत्या प्लायच्या बैठकीवर काटा दोन किलोच्या जरा पुढं गेला आणि बैठकीची कड जमिनीवरून उचलली गेली. मिसळीचं वजन साडेचार किलो. ती उडी मारून लटकली असती तर खांब तिच्यावर आला असता, आणि ती पुन्हा या खांबाकडे फिरकली नसती.

“हलला की मेला,” अण्णा म्हणाले. मांजर एकदा दचकलं की ती वाट सोडतं.

बैठकीखाली फरशी चिकटवली आणि फरशीखाली जाड नमदा, म्हणजे जमिनीला चरे पडणार नाहीत. पुन्हा काटा. आता पाच ओलांडून गेला तेव्हा कड उचलली. बरं, पण उडीचा झटका यापेक्षा जास्त असतो. म्हणून वरच्या उघड्या भागाला एक कोन आणि तो भिंतीला. 2021 पासून इथं भाडेकरूला उघडी वीट किंवा काँक्रीट सोडून इतर भिंतीत कंस किंवा फळीसाठी स्क्रू मारायला मालकाला विचारावं लागत नाही. घर सोडताना भोक बुजवायचं.

अण्णांनी भिंतीवर टिचकी मारली. पोकळ. दुसरीकडे मारली. पोकळ.

“ही भिंत हाय का पुठ्ठा?”

प्लास्टरबोर्ड आहे, पुठ्ठ्याचाच भाऊ. आत दर 450 मिलिमीटरवर लाकडाचा उभा खांब असतो, स्क्रू त्यातच जायला हवा. टिचक्या मारत गेले, एके ठिकाणी आवाज भरीव आला. तिथं खूण केली. पुढच्या 450 वर पुन्हा भरीव. तेव्हा कुठं त्यांनी या घरात राहण्याबद्दल थोडा विश्वास दाखवला.

साडेचार

नातवाचं काम. मिसळीला उभं ओरबाडणं आवडतं, पण कधीकधी ती पायपुसण्यावर आडवंही ओरबाडते. काही मांजरांना तर आडवंच आवडतं. त्यासाठी इंडियन स्टोअरमधून आणलेली पुठ्ठ्याची खोकी पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापायची, नागमोडी भोकं वर दिसतील अशा उभ्या पट्ट्या एका लाकडी तबकात खच्चून भरायच्या. डिंक नको, स्टेपल नको, दाटीनंच बसतात. पट्ट्या फाटल्या की उलटून घालायच्या. हे तबक तासाभरात झालं, खर्च शून्य. खांबापेक्षा हेच जास्त वापरलं जाईल असं नवऱ्याचं मत आहे. त्यानं दिवसभरात एकही स्क्रू मारलेला नाही, हे नोंदवून ठेवते.

सव्वापाच

सूर्य गेला. खांब आत आणला. कुठं ठेवायचा यावर वाद झाला. मला तो खिडकीजवळ, दिसेल पण मधे येणार नाही असा हवा होता. तसं चालत नाही. खांब तिच्या सोफ्याच्या कोपऱ्याला खेटूनच हवा, जिथं ती आत्ता लिहिते तिथंच. तिथं सवय लागली की मग आठवड्याला वीतभर सरकवत खिडकीकडे न्यायचा, आणि तोपर्यंत भिंतीचा कोन बसवायचा नाही. तोवर खांब सोफा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात दाबून बसेल. सोफ्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. चिकट लागलं की ती तिथून काढता पाय घेते.

तिचे पंजे धरून खांबावर घासायचे नाहीत. बरेच जण करतात, आणि मांजर त्या खांबाचा कायमचा तिटकारा करतं. त्याऐवजी तिच्या अंथरुणातला टॉवेल दोरावर चोळला. कॅटनिपची वाळलेली पानं वर भुरभुरली. याचा परिणाम सगळ्या मांजरांवर होत नाही, जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर होतच नाही, ते रक्तातूनच येतं. अण्णा म्हणाले, गावाकडं खोकलीचं रोप मुळासकट उपटलं की सगळ्या गल्लीतली मांजरं त्या मुळावर लोळायला यायची. इथं खोकली आणायची सोय नाही. विमानतळावरच्या माणसानं रंधा दिला परत, मूळ दिलं नसतं.

सहा ते आठ

मिसळ तासभर झोपून उठली. खांब पाहिला, वळसा घातला, बुडाशी हुंगलं आणि सोफ्याच्या कोपऱ्याकडे गेली. पट्टी चिकटली. पंजा झटकला. माझ्याकडे बघितलं.

तेव्हा 76 वर्षांचे अण्णा गुडघ्यावर बसले आणि स्वतःच्या नखांनी खांब खरडायला लागले. खर्र, खर्र. हा आवाज मांजराला ओळखीचा असतो. नातू खो-खो हसायला लागला, त्याला डोळ्यांनी दटावलं. मिसळीनं कान वळवले. जवळ आली, एक पंजा ठेवला, मग दुसरा, मग मागच्या पायांवर उभी राहिली आणि चांगली लांबलचक झाली. अण्णांनी न हलता माझ्याकडे हात केला. मी टेप दिली. नखं 87 सेंटिमीटरवर होती.

जुना, दुकानातून आणलेला बुटका खांब फेकायचा नाही असं ठरलं. तो कितीही कळकट झाला तरी त्यावर तिचा वास आहे. तो झोपायच्या खोलीत जाईल.

आठ वाजून गेल्यावर शेजारचे ग्रीक आजोबा दारात आले. दिवसभर ठोकाठोक ऐकली होती, पाहायचं होतं. त्यांचा बोका थोराड आहे, सात किलोंचा. त्यांनी खांबाला हात लावला, हलवून पाहिला, अंगाचा भार टाकून पाहिला आणि मला विचारलं, याचे किती घेणार? मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी उरलेलं रीळ उचलून अंदाज घेतला. 20-22 मीटर असेल, कमी पडणार. फरशी एक नाही, दोन लागतील.

“पैशाचं मागनं बघू,” ते म्हणाले. “त्याला इचार, त्येच्या बोक्यानं घरात सगळ्यात वर कुठं ओरबाडलंय? उद्या नऊला टेप घेऊन येतो म्हणावं.”